राज्यशास्त्र घेऊ द्या, अट मागे घ्या

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के आहेत, तरी बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायचा तिचा हट्ट आहे. हा विषय म्हणजे शाळेतलं नागरिकशास्त्रच ना? यूपीएससी करणार असशील तर दोन प्रयत्न देऊ, नाहीतर स्थळं बघायला घेऊ, असं तिला बजावलंय. बरोबर केलं ना? – एक पालक

उत्तर : नाही, बरोबर केलं नाहीत. या परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजाराच्या आसपास. परीक्षा देता येते वयाच्या एकविसाव्या वर्षापासून. म्हणजे अठराव्या वर्षीच तुम्ही तिच्यापुढे अशी अट ठेवलीत, जी बहुतेक हुशार मुलांनाही दोन प्रयत्नांत पुरी करता येत नाही. भीतीपोटी ती पहिल्या वर्षापासून क्लास लावेल, पदवीचा अभ्यास वाऱ्यावर सोडेल आणि शेवटी दोन्हीकडून रिकामी राहील. शिवाय तुमच्या पत्रात मुलीला हा विषय का हवाय, यावर एक ओळही नाही. तिला विचारलंत का?

आता नागरिकशास्त्राचं. तुमचा समज शंभर वर्षांपूर्वी चालून गेला असता. ‘राज्यशास्त्राचा आरंभ आणि शेवट राज्यापाशीच होतो’ असं अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ गार्नर म्हणत, तेव्हा राज्यघटना, कायदेमंडळ, सार्वभौमत्व एवढाच अभ्यास असे. १९३६ मध्ये त्याच देशातले राज्यशास्त्रज्ञ लासवेलनी वेगळाच प्रश्न केला : कोणाला, काय, केव्हा आणि कसं मिळतं? १९५३ मध्ये राज्यशास्त्रज्ञ ईस्टननी राजकारणाला ‘मूल्यांचं अधिकृत वाटप’ म्हटलं, म्हणजे समाजाला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी कोणाला मिळतील हे सगळ्यांवर बंधनकारक होईल असं ठरवणं. मग मतदारांचं वर्तन, पक्ष, दबावगट, आकडेवारी असं सगळं आत आलं. त्याच ईस्टननी १९६९ मध्ये अभ्यासकांना बजावलं की आकडे मोजताना समाजाचे प्रश्न सुटून जाता कामा नयेत. तुमच्या गावात नळयोजना आली असं धरा. ग्रामपंचायतीचे अधिकार कोणते, हा जुना प्रश्न. पाणी आधी कोणत्या आळीला पोचलं, ग्रामसभेत कोण बोललं, कोरम नसताना ठराव कसा झाला, महिला सरपंचांच्या सहीआधी निर्णय कोणी घेतला, हे आजचं राज्यशास्त्र. त्यासाठी इतिवृत्त वाचावं लागतं, घरोघर प्रश्नावली भरून घ्यावी लागते, मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं निवडून नमुना काढावा लागतो. तिचं सायन्सचं गणित इथे कामी येईल.

यूपीएससीत हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे. नेट-सेट आणि प्राध्यापकीची वाटही आहे. पण सर्वेक्षण संस्था, धोरण संशोधन, पत्रकारिता, कायदा ही दारंही उघडी आहेत, मात्र नुसत्या बी.ए.वर नाही. सोबत संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्यायला लावा, एक्सेल पक्कं करून घ्या, इंग्रजी वाचन वाढवा. गाइडमधल्या व्याख्या पाठ करून पहिला वर्ग मिळतो, काम मिळत नाही. प्रवेशाआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा : संशोधन पद्धती शिकवता का, आणि क्षेत्रकार्याचा, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन माहिती गोळा करायचा, प्रकल्प असतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरं कॉलेज बघा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तोवर स्थळांचा विषय घरात काढू नका.