नडगीचं हाड जुळत नाहीये, जर्मनीत जाऊन ऑपरेशन करू का?

तुमचा प्रश्न वाचला, बाईक अ‍ॅक्सिडेंटनंतर नडगीत रॉड टाकलाय, आठ महिने झाले तरी हाड जुळत नाहीये, आणि ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, इकडे जर्मनीत येताय तर ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन इथेच घेऊ का असं विचारताय.

पहिलं म्हणजे ते इंजेक्शन नाहीये हो. माझी बायको इथे ट्रॉमा वॉर्डला नर्स आहे, तिच्याकडून रोज ऐकतो. तुम्ही म्हणताय तो ग्रोथ फॅक्टर बीएमपी-२, म्हणजे हाड तयार करायला लावणारं प्रोटीन, त्याची पावडर येते, पाण्यात विरघळवून कोलॅजनच्या स्पंजवर टाकायची, पंधराएक मिनिटं मुरू द्यायची आणि मग पाय उघडून तो स्पंज फ्रॅक्चरच्या जागी ठेवायचा. म्हणजे ऑपरेशन आलंच. शिवाय युरोपात त्याला परवानगी आहे ती ताज्या नडगीच्या फ्रॅक्चरला आणि मणक्याला, तुमच्यासारख्या जुन्या केसला वापरलं तर ते ऑफ-लेबल, म्हणजे परवानगीबाहेरचा वापर, डॉक्टरने ठरवलं तरच. जुन्या न जुळलेल्या नडगीसाठी बीएमपी-७ हे तसलंच दुसरं प्रोटीन होतं, ते बाजारातूनच गेलं. २००२ च्या ४५० पेशंटच्या ट्रायलमध्ये बीएमपी-२ ने पुन्हा ऑपरेशनची वेळ ४४ टक्क्यांनी कमी आली होती खरी, पण ती सगळी ताजी, जखम उघडी असलेली फ्रॅक्चर्स होती.

आणि प्रोटीन ओतून काय उपयोग, रॉड सैल असेल किंवा आत इन्फेक्शन असेल तर? आधी सीटी स्कॅन आणि सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) करा, तिकडेच, स्वस्तात होईल. बऱ्याचदा जाड रॉड टाकणं आणि कमरेच्या हाडाचा कीस काढून तिथे भरणं एवढ्यावर काम होतं, आणि ते पुण्या-नाशकातले चांगले ऑर्थो रोज करतात. पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनच्या, मागे तर लागूच नका, इथे सहसा खिशातून द्यावं लागतं आणि हाडासाठी पुरावा लंगडा.

आता नोकरीचं. सरकारी पद्धतीची क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विम्याची संस्था, जुनं दुखणं असलं तरी घेते, प्रायव्हेटवाले आधी आजार विचारतात आणि नाहीही म्हणू शकतात, पगार बघून एजंट मागे लागतील तरी सही करू नका. व्हिसासाठी काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स जुन्या पायाचा खर्च बहुतेक देत नाही. कंपनीचा आजारपणातला पगार पहिले चार आठवडे नोकरी झाल्यावरच सुरू होतो, आणि प्रोबेझाइट, म्हणजे नोकरीतलं प्रोबेशन, बहुतेक सहा महिन्यांचं, त्यात काढून टाकणं सोपं, म्हणून लगेच मोठं ऑपरेशन मला तरी पटत नाही. माझं मत, जॉइनिंग पुढे ढकलता येत असेल तर तिकडेच करून, वॉकर सुटल्यावर या.

सिगारेट असेल तर आजच बंद, हाड जुळायला ती फार नडते.

येताना सगळे एक्स-रे सीडीवर आणा, फोनमधले फोटो इथे कुणी बघत नाही. ऑपरेशन नोटवर रॉडची कंपनी, साइझ, स्क्रू किती हे नीट लिहून घ्या, कारण रॉड काढायला त्याच कंपनीचं हत्यार लागतं आणि आपल्याकडच्या कंपनीचं इथे शोधताना नाकी नऊ येतात.