इस्तापा की सिवातानेखो?
लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाताना, पोहण्याचा फारसा सराव नसेल तर या दोनपैकी कुठे मुक्काम करावा, असे तुम्ही विचारले आहे.
मेक्सिकोच्या ग्वेरेरो राज्यात, पॅसिफिक किनाऱ्यावर, ही दोन गावे अगदी शेजारी आहेत. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने मुक्काम सिवातानेखोमध्येच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. इस्तापा हे १९७० च्या दशकात सरकारने पर्यटनासाठी आखून वसवलेले ठिकाण असून, तिथे एल पाल्मारच्या लांब किनाऱ्यालगत मोठी हॉटेले उभी आहेत, मात्र समोर उघडा समुद्र असल्याने लाटांना बराच जोर असतो. तुमच्यासोबत लहान मुले आहेत आणि तुम्हाला पोहण्याचा फारसा सराव नाही, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सिवातानेखो मुळात कोळ्यांचे गाव आहे आणि ते जवळजवळ बंदिस्त उपसागराकाठी वसल्यामुळे तिथले पाणी एरवी बरेच शांत असते. ला रोपा किनाऱ्याजवळ खोली घ्यावी. लास गातास या किनाऱ्यावर गावच्या धक्क्यावरून लहान होडीने जाता येते. मासे आवडत असतील तर लिंबाच्या रसात मुरवलेल्या माशांच्या पट्ट्या, म्हणजे तिथल्या ‘तिरितास’, अवश्य खाव्यात. सर्व सोयी हॉटेलातच हव्या असतील, तर मात्र इस्तापा अधिक सोयीचे ठरेल.

दोन्हींसाठी विमानतळ एकच आहे आणि टॅक्सीने एका गावातून दुसऱ्यात थोड्या वेळात पोहोचता येते, त्यामुळे इस्तापा बेट पाहायला एक दिवस जरूर काढावा. जून ते ऑक्टोबर हे पावसाचे महिने टाळून, शक्यतो डिसेंबरनंतरचे आरक्षण करावे.