डिजिटल एलायझा साध्या एलायझापेक्षा इतकी संवेदनशील कशी?

एलायझा म्हणजे अँटिबॉडीने हवा तो रेणू पकडून, त्याला जोडलेल्या एन्झाइमच्या खुणेवरून तो मोजण्याची चाचणी. दोन्ही प्रकारांत अँटिबॉड्या जवळपास त्याच असू शकतात. फरक मोजण्याच्या जागेत आहे. साध्या एलायझात एन्झाइमने तयार केलेला रंग १०० मायक्रोलिटर द्रवात पसरतो, त्यामुळे लाखो रेणू जमल्याशिवाय यंत्राला काही दिसत नाही. सिमोआ या डिजिटल एलायझाच्या पद्धतीत अँटिबॉडी लावलेले २.७ मायक्रॉनचे चुंबकीय मणी वापरतात, तेही शोधायच्या रेणूंपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून बहुतेक मण्यांवर शून्य किंवा एकच रेणू बसतो. मग एकेक मणी सुमारे ५० फेम्टोलिटरच्या (फेम्टोलिटर म्हणजे मायक्रोलिटरचा अब्जावा भाग) खळग्यात तेलाने बंद करतात. एवढ्याशा जागेत बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या खुणेच्या एन्झाइमच्या एकाच रेणूमुळे होणारी चमकही कॅमेऱ्याला पुरते. उजळलेले मणी मोजायचे, बस्स. साधारण ७० टक्क्यांहून जास्त मणी उजळले की मोजणी कामाची राहत नाही. तिथे मण्यांच्या चमकेची सरासरी तीव्रता घेतात.

रक्तातलं न्यूरोफिलामेंट लाइट (चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) मोजताना खरा त्रास नमुन्याचा असतो. गोठवून वितळवलेल्या प्लाझ्मातले फायब्रिनचे धागे पिपेट अडवतात. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट जोराने) ५ मिनिटं फिरवा आणि वरचा चरबीचा थर टाळून मधला द्रव घ्या. कोऱ्या (शोधायचा रेणू नसलेल्या) नमुन्याचं वाचन चढं आलं तर आधी धुलाई तपासा, कारण मण्यांना नुसतंच चिकटलेलं एन्झाइमही खऱ्या रेणूइतकंच चमकतं.