नुसतं ‘लक्ष दे’ म्हणून काय होणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरची, नववीत आहे, शाळेच्या खो-खो टीममध्ये खेळते. प्रॅक्टिसला सगळं मस्त जातं पण मॅचमध्ये खो मिळायच्या आधीच उठते आणि फाऊल होतो, मग पळायला आले की तोच फाऊल डोक्यात फिरत राहतो आणि मी लगेच आऊट. सर ओरडतात लक्ष दे, पप्पा बाहेरून ओरडतात लक्ष दे. मी देते की ओ लक्ष! अजून कसं द्यायचं?

उत्तर : अगं, तू देतेस यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ‘लक्ष दे’ ही सूचनाच अर्धवट आहे, कुठं द्यायचं ते कुणी सांगतच नाही. रॉबर्ट निडेफर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एक साधी मांडणी केली, की लक्ष रुंद असतं किंवा अरुंद आणि बाहेर असतं किंवा आत, आणि खेळाडूला वेळ बघून ते बदलता आलं पाहिजे. आता खो-खोत बघ ना, एकाच मॅचमध्ये तुला हे सगळं लागतं!

पळताना रुंद आणि बाहेर. मागची चेसर कुठल्या बाजूला झुकतीये, पुढच्या दोघी कुणीकडं तोंड करून बसल्यात, खांब किती लांब, हे सगळं एका नजरेत यायला हवं. चौकोनात बसलेली असताना मात्र एकदम अरुंद. पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला की उठायचं, बास. तुझा फाऊल कशानं होत असेल सांगू? पळणारी जवळ आली की ‘आता मलाच खो’ असा अंदाज तू डोळ्यानं बांधतेस आणि पाय आधीच सुटतात. नजर पळणारीवर राहू दे पण उठायचं कधी हे ठरवायचं काम पाठीला आणि कानाला दे. प्रॅक्टिसला सरांना सांग की मुद्दाम हुलकावणी द्यायला लावा, मागं येऊन खो न देताच चेसर पुढं जाईल असं, आणि सोबत बाकीच्या पोरींनी जोरात आरडाओरडा करायचा, कारण शांत मैदानावर शिकलेलं लक्ष गर्दीत टिकेलच असं नाही.

फाऊल डोक्यात फिरतो तेव्हा लक्ष आत जाऊन अडकलेलं असतं. ‘विचार करू नको’ म्हणून ते निघत नाही, त्याला बाहेर काहीतरी काम द्यावं लागतं. मैदानात शिरायच्या आधी एक लांब श्वास सोड आणि मग फक्त चेसरचा खांदा बघ. तेव्हा स्वतःच्या पायाकडं, गुडघ्याकडं लक्ष नको. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनात वारंवार दिसलंय की शरीराच्या हालचालीवर लक्ष ठेवण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर ठेवलं की हालचाल जास्त चांगली होते.

आणि सतत एकाग्र राहायचा हट्ट धरू नकोस, कुणालाच जमत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हॅकिनेन शेवटच्या शॉटआधी बरोबरीत होते, बिंद्रानं १०.८ मारला, हॅकिनेनचा ९.७ गेला. त्याआधी दोघांनी दिवसभरात कितीतरी शॉट मारले होते, पण त्या क्षणी फक्त तो एकच शॉट होता. तुझ्यासाठी तो एक खो.

पप्पांना एवढं वाचून दाखव : पप्पा, पोरीला खो कानानं ऐकायचा असतो, तुमचा आवाज नेमका त्याच्यावर पडतो. टर्न चालू असताना गप्प बसा, टाळ्या नंतर वाजवा. तुमची काळजी कळते मला, पण यात मदत होते ती तुमच्या शांत बसण्याचीच.

प्रश्न : माझा मुलगा क्रिकेट खेळतो, एप्रिल-मेच्या मॅचेसमध्ये दुपारनंतर हमखास कॅच सोडतो. सकाळी चांगला असतो. एकाग्रतेसाठी मेडिटेशन लावू का?

उत्तर : दादा, मेडिटेशन नंतर, आधी पाणी. आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, आणि घामानं वजनाच्या साधारण दोन टक्के पाणी गेलं तरी लक्ष आणि निर्णय ढेपाळायला लागतात. ४५ किलोच्या पोराचे हे फक्त ९०० ग्रॅम झाले. मॅचच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, लगेच कळेल. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक ब्रेकला पाणी, अधूनमधून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, आणि फिल्डिंगला टोपी. चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं वागणं असं काही दिसलं तर त्याला लगेच सावलीत आणून अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि डॉक्टरांना गाठा, मॅच राहू दे.