पीएस ४ च्या पुढच्या फर्मवेअर अपडेटमध्ये क्रोमियम येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) च्या ब्राउझरमध्ये बऱ्याच साइट उघडल्यावर नुसतं पांढरं पान दिसतं. मग सोनी एखाद्या अपडेटमध्ये हा ब्राउझर काढून क्रोमियम (गुगल क्रोम ज्यावर बांधलाय तो मुक्त स्रोत ब्राउझर) देईल का, आणि कुठल्या अपडेटने ब्राउझर खरंच बदलला हे कसं ओळखायचं?

माझ्या मते क्रोमियम येणार नाही. पीएस ४ चा ब्राउझर वेबकिटवर चालतो; वेबकिट म्हणजे वेबपानं वाचून दाखवणारं इंजिन, ॲपलच्या सफारीतही तेच असतं. वेबकिटच्या मुख्य कोडमध्येच ‘प्लेस्टेशन’ नावाचं पोर्ट (त्या यंत्रासाठी जुळवलेली आवृत्ती) आहे आणि सोनीचे इंजिनिअर त्यावर काम करतात. जिथे स्वतःची माणसं बसवली आहेत ते इंजिन सोडून, विक्री उतरणीला लागलेल्या कन्सोलसाठी दुसरं इंजिन नव्याने बसवायला कोण पैसे घालेल? शिवाय हे इंजिन फक्त ब्राउझरच्या चिन्हापुरतं नसतं. लॉग-इनची पानं, युजर गाइड अशा जागीही तेच आतून चालतं. ते बदललं की या सगळ्याची चाचणी पुन्हा करावी लागते. पीएस ५ वर ब्राउझरचं चिन्हच ठेवलेलं नाही, पण वेबकिट आत आहेच.

आधी असं कधी झालंच नाही, असं मात्र नाही. पीएस ३ चा ब्राउझर सुरुवातीला ॲक्सेस कंपनीच्या नेटफ्रंट या इंजिनावर चालायचा; फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या ४.१० फर्मवेअरने तिथे वेबकिट आणलं. एक्सबॉक्स वनवर २०१३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर होता, २०१५ च्या नोव्हेंबरात एज आला आणि २०२१ मध्ये तोच एज क्रोमियमवर गेला. पण मायक्रोसॉफ्टला हे परवडतं, कारण विंडोजसाठी ते काम त्यांना करावं लागतंच. सोनीचं तसं नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार आहे. ब्राउझर म्हणजे कन्सोल फोडणाऱ्यांचा आवडता दरवाजा. निन्टेन्डो स्विच मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्यावर उघड ब्राउझर नव्हता. हॉटेलच्या वाय-फायचं लॉग-इन पान दाखवण्यापुरतं वेबकिट आत होतं. तेवढ्यातही वेबकिटमधलं जे भोक ॲपलने ऑगस्ट २०१६ मध्ये आयओएस ९.३.५ मध्ये बुजवलं होतं, ते स्विचमध्ये तसंच उघडं निघालं. असल्याच धोक्यामुळे पीएस ४ च्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचा जेआयटी कंपायलर (कोड वेगाने चालावा म्हणून तो चालता चालता मशीन कोडमध्ये बदलणारा भाग) बंद ठेवलेला आहे. जेआयटीला चालू प्रोग्रॅममध्येच नवा मशीन कोड लिहून तो लगेच चालवायची मुभा लागते, आणि हल्लेखोराला नेमकी तीच हवी असते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते: सगळं जावास्क्रिप्ट इंटरप्रिटरवर, म्हणजे एकेक सूचना वाचत, रखडत चालतं. उद्या क्रोमियम बसवलं तरी जेआयटी बंदच ठेवतील, म्हणजे जड साइट तेव्हाही रडतच चालतील.

आता ओळखायचं कसं. अपडेटच्या माहितीत ‘सिस्टीमची कामगिरी सुधारली’ एवढं एकच वाक्य असतं, त्यावरून काही कळत नाही. युजर एजंट (ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) दाखवणारी कुठलीही साइट ब्राउझरमध्ये उघडा. त्या ओळीत आधी फर्मवेअरचा आकडा आणि पुढे ॲपलवेबकिटचा आकडा असतो. पाचव्या मालिकेच्या फर्मवेअरवर तो ६०१.२ असायचा, सहाव्यापासून ६०५.१.१५ दिसतो. इथे बरेच जण फसतात. सफारीने हा ६०५.१.१५ आकडा २०१८ पासून गोठवून ठेवलाय. आजच्या मॅकवरही तोच दिसतो. त्यामुळे तो पाहून ‘इंजिन २०१८ चं आहे’ असं म्हणता येत नाही आणि ‘नवं आहे’ असंही नाही.

खरी परीक्षा सुविधांची. एक साधं एचटीएमएल पान करा आणि त्यात प्रत्येक चाचणी वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये लिहा. एकाच टॅगमध्ये सगळं कोंबलं तर पहिल्याच अनोळखी खुणेला पूर्ण स्क्रिप्ट बाद होते आणि पुढच्या चाचण्या चालतच नाहीत. सीएसएस ग्रिड (पानाची चौकटीत मांडणी करायची पद्धत) चाललं तर इंजिन किमान सफारी १०.१ च्या, म्हणजे २०१७ च्या तोडीचं. जावास्क्रिप्टमधल्या ‘?.’ आणि ‘??’ या खुणा चालल्या तर १३.१ च्या, म्हणजे मार्च २०२० च्या. बिगइंट (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) चाललं तर १४ च्या, म्हणजे सप्टेंबर २०२० च्या. वेबअसेंब्लीवरून (ब्राउझरमध्ये आधीच तयार केलेला जलद कोड चालवायची सुविधा) मात्र निष्कर्ष काढू नका; जेआयटी बंद असला की तीही सहसा बंद असते.

तुमच्या पांढऱ्या पानांचं कारणही बहुतेक हेच. आजकालच्या साइट सगळं जावास्क्रिप्ट एका मोठ्या फाइलमध्ये बांधून पाठवतात. त्यात एक जरी ‘?.’ जुन्या इंजिनाला कळला नाही, तर ती फाइलच चालत नाही आणि पान रिकामं राहतं.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर तोही मिळतो. वेबकिटचे मुख्य भाग एलजीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली आहेत, म्हणून सोनीला आपण बदललेला कोड खुला करावा लागतो. पीएस ४ च्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या पानावर फर्मवेअरच्या आकड्यांनुसार तो डाउनलोडला ठेवलेला असतो. लागोपाठच्या दोन आवृत्त्या उतरवा आणि फोल्डरची तुलना करणाऱ्या कुठल्याही साधनातून काढा. दोन-चार फायलींत चार ओळींचा फरक असेल तर जुन्याच इंजिनाला सुरक्षेचं ठिगळ लावलंय. हजारो फायली बदललेल्या दिसल्या तरच इंजिन पुढे सरकलं असं समजा.

तोवर करण्यासारखं: फर्मवेअर ८.०० च्या खाली असेल तर आधी अपडेट करा. लेट्स एन्क्रिप्ट (साइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देणारी संस्था) आधी ज्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि नवं ओळखायला पीएस ४ ला ८.०० किंवा पुढचं फर्मवेअर लागतं. तिथे पान पांढरं न पडता प्रमाणपत्राची तक्रार येते. कन्सोलची तारीख-वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावा, चुकलेल्या तारखेनेही तीच तक्रार येते. आणि ‘हा डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) टाका, पूर्ण ब्राउझर उघडतो’ असं सांगणाऱ्यांचा आकडा टाकू नका. त्यानंतर कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं हे तो अनोळखी माणूस ठरवतो.