बाथरूमच्या छताला काळे डाग आणि घरात खोकला

प्रश्न : ताई नमस्कार, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. दर पावसाळ्यात बाथरूमच्या छताला आणि गीझरमागच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, दिवाळीत रंग मारतो की जून-जुलैत परत हजर. सासूबाईंना दमा, रात्री खोकला वाढतो आणि लेक सकाळी उठला की नुसत्या शिंका. मिस्टर म्हणतात पावसाळ्यात सगळ्यांकडेच असतं. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंदच ठेवतो, गीझर गॅसचा आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकून एकदाच घासून काढू का?

उत्तर : अहो नाही, अजिबात नाही! ॲसिड (टॉयलेट क्लीनरमध्येसुद्धा तेच असतं) आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर दमेकऱ्याचं सोडाच, धडधाकट माणसाचीही वाट लागते. आणि बुरशी राहू दे बाजूला, गॅस गीझर आत असताना खिडकी बंद ठेवताय हे मला जास्त घाबरवतंय. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास नाही की रंग नाही, आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो. खिडकीला बाहेरून पत्र्याची छपरी लावा म्हणजे पाऊस येणार नाही, पण खिडकी उघडी हवीच, आणि जमेल तेव्हा गीझरच बाहेर काढा किंवा इलेक्ट्रिक घ्या.

आता बुरशी. मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे, जुलैत आपल्याकडे हवाच दमट असते त्यामुळे थोडीफार सगळीकडे येते. पण ओल आणि बुरशीच्या घरात दम्याचा, खोकल्याचा त्रास वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगून ठेवलंय. काळी दिसते म्हणून विषारीच असं काही नसतं, रंगावरून कळत नाही, आणि ती मेली तरी तिच्या कणांची ॲलर्जी होतेच, म्हणून वरून रंग फासून काय उपयोग, ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटणारच. टाइल्स आणि फटी साबणाच्या पाण्याने घासा, मास्क आणि हातमोजे घालून, सासूबाई आणि लेकाला तेवढा वेळ बाहेर पाठवून. कोरडं खरवडू नका, कण घरभर उडतात. मग कोरडं करा, आंघोळीनंतर वायपर मारायचा, एक्झॉस्ट फॅन अर्धा तास तरी चालू, ओले टॉवेल आत लटकवायचे नाहीत. भुसभुशीत झालेलं प्लास्टर मात्र घासून सुधारत नाही, ते काढून भिंत पूर्ण सुकू द्यायची आणि मगच नवीन, म्हणजे हे काम पावसाळ्यानंतरचं.

पण डाग छतालाच आहेत ना? मग वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं) किंवा वॉटरप्रूफिंग गेलं असेल असा मला दाट संशय आहे. उन्हाळ्यातही तिथे हात लावून ओलसर लागतं का बघा, लागलं तर प्लंबरला वर घेऊन जा. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली) पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-बाथरूमची आतली ज्या-त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने. वरच्यांशी आधी चहा पिऊन बोला, नाही ऐकलं तर सेक्रेटरींना फोटोसकट लेखी अर्ज, पोच घ्यायला विसरू नका.

सासूबाईंचा दम्याचा पंप मनाने बंद करायचा नाही. आणि लेकाला डॉक्टरकडे नेलंत की घरात ओल आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.