कुत्र्याचं पोट सारखं बिघडतं, औषध थांबवलं की पुन्हा जुलाब. काय करावं?

जुलाब किंवा उलट्या 3 आठवड्यांपेक्षा जास्त चालल्या असतील, तर दर वेळी तीच गोळी देऊन भागणार नाही. आधी शी तपासून घ्या, जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) आणि जंत आहेत का ते कळेल. खातो भरपूर पण वाळत चाललाय, शी ढीगभर आणि तेलकट, असं असेल तर स्वादुपिंडासाठीची टीएलआय रक्ततपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारा.

हे सगळं ठीक निघालं तर खरा उपाय बहुधा आहारातच सापडतो. हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (म्हणजे प्रथिनं अगदी बारीक तुकड्यांत फोडलेलं) खाणं किंवा त्याने आजवर कधीच न खाल्लेलं एखादं प्रथिन, एवढंच द्यायचं. फरक पडणार असेल तर बहुतेकदा 2 आठवड्यांत दिसतो. पण एवढंच म्हणजे खरंच एवढंच! घरातलं कोणीतरी टेबलाखाली बिस्किटाचा तुकडा सरकवतं, जंताची गोळी मांसाच्या चवीची असते, आणि सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं वाटतं, पण ते आतड्यातले चांगले जिवाणूही मारतं, म्हणून मी ते वरचेवर देण्याच्या विरोधात आहे. रक्तात बी12 जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावं लागतं, नाहीतर बाकीचे उपचार नीट लागू पडत नाहीत. आहाराने भागलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ते मनाने बंद करू नका, डोस हळूहळूच उतरवायचा असतो.

काळी शी, रक्त किंवा पोटात पाणी दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.